एकाच पाकिटाचे दोन निकाल

मागच्या भागात फुकटातले मोबाइल गेम कमाई कशी करतात ते पाहिलं. लूट बॉक्सचा विषय तेव्हा मुद्दाम बाजूला ठेवला होता. पैसे भरून बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचं, असा हा प्रकार. याला जुगार म्हणायचं का? बेल्जियम आणि नेदरलँड्स या शेजाऱ्यांनी एकाच खेळापुढे हा प्रश्न ठेवला आणि त्यांची उत्तरं वेगळी निघाली.

खेळ होता ईए कंपनीचा ‘फिफा’. त्याच्या ‘अल्टिमेट टीम’मध्ये फुटबॉलपटूंची कार्डं जमवून आपला संघ उभा करायचा असतो. ही कार्डं पाकिटातून निघतात. पाकीट सामने खेळून कमावलेल्या नाण्यांवर मिळायचं, नाहीतर खरे पैसे मोजून घेतलेल्या ‘फिफा पॉइंट्स’वर. तगडा खेळाडू निघाला तर तो बोगद्यातून झगमगाटात चालत येताना दिसतो. बहुतेक वेळा कुणीतरी किरकोळच निघतो.

बेल्जियमच्या १९९९च्या कायद्याची व्याख्या ऐसपैस आहे. काहीतरी पणाला लावलं, हार-जीत झाली आणि त्यात नशिबाचा थोडा जरी हात असला, तरी तो जुगार. जिंकलेली वस्तू बाजारात विकता आली पाहिजे, अशी अट नाही. त्यामुळे एप्रिल २०१८मध्ये तिथल्या जुगार आयोगाने फिफाची पाकिटं बेकायदा ठरवली. जबर दंड आणि तुरुंगवासाची टांगती तलवार होतीच. जानेवारी २०१९मध्ये ईएने त्या देशात पॉइंट्स विकणं थांबवलं.

डच नियामकाने मात्र वस्तूच्या बाजारमूल्यावर बोट ठेवलं. कंपनीची परवानगी नसली तरी फिफाची खाती आणि नाणी बाहेर विकली जातात, म्हणजे कार्डाला किंमत आहे, असं त्याचं म्हणणं. त्याने ईए आणि तिच्या स्विस उपकंपनीवर मिळून १ कोटी युरोंपर्यंतचा दंड लादला. २०२०मध्ये हेगच्या न्यायालयाने तो कायम केला. पण मार्च २०२२मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने तो रद्द केला. पाकीट उघडणं हा स्वतंत्र खेळ नाही, तो फुटबॉलच्या मोठ्या खेळाचा भाग आहे आणि तो खेळ कौशल्याचा आहे, असं न्यायपीठ म्हणालं. रमी कौशल्याची की नशिबाची, यावर आपल्याकडे दशकानुदशकं झालेला खल ज्यांनी वाचलाय, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

मला तो पटत नाही. पाकीट फोडताना खेळणाऱ्याचं कौशल्य कुठे कामी येतं? सामन्यात तो कितीही पटाईत असो, कार्ड ठरतं ते कंपनीच्या संगणकावर. जून २०१९मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे ईएच्या प्रतिनिधीने या पाकिटांची तुलना किंडरच्या चॉकलेट अंड्याशी केली होती. पण अंडं विकत घ्यायला दुकानात जावं लागतं. इथे दुकान खेळाच्या आतच आहे, तेही हरल्याची चुटपुट ताजी असताना उघडं.

म्हणून बेल्जियमचं बरोबर? तत्त्वाने हो; व्यवहारात तिथेही घोळच आहे. २०२२च्या एका पाहणीत बेल्जियममधल्या सर्वाधिक कमाईच्या १०० आयफोन गेमांपैकी ८२मध्ये पैशांचे लूट बॉक्स सापडले. बडी कंपनी नजरेत भरते, वकिलांचा सल्ला घेऊन मागे हटते. बाकीच्यांना तिथे कुणी हातही लावलेला दिसत नाही. बंदी कागदावर आणि पेट्या फोनवर, अशी गत.

आपल्या २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने कौशल्य की नशीब हा वाद निकालात काढला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. लूट बॉक्सचं त्यात नावही नाही. मला वाटतं, जुगाराच्या व्याख्येशी झटापट करण्यापेक्षा ग्राहक कायद्याची वाट अधिक कामाची. मुलांना काय आणि कसं विकायचं, यावर थेट बंधन घालता येतं. कार्डाला बाजारभाव आहे का, हे सिद्ध करत बसावं लागत नाही. २०१२मध्ये जपानने ‘कोम्पु गाचा’ याच वाटेने बंद केला. त्यात पेट्यांतून ठराविक वस्तूंचा अख्खा संच जमवला, तरच मोठं बक्षीस मिळायचं. ते कसं घडलं, ते पुढच्या आठवड्यात.