मोटारगाडी कोणत्या पेढीवर घ्यावी?

माझ्या लहानपणीं बैल घ्यावयाचा म्हणजे बाजाराच्या आदल्या दिवसापासून घरांत गडबड असे. वडील बैलाचे दांत पाहत, खूर पाहत, त्यास चार पावलें चालवून पाहत. आणि मग हेडी उपरण्याखालीं त्यांचा हात धरून बोटांनीं किंमत सांगे. शेजारीं उभ्या असलेल्या माणसास तो आंकडा कळत नसे. ही पद्धति मला तेव्हां मोठी गमतीची वाटे. पुढें वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं मोटारगाडी घेण्यास निघालों तेव्हां ती गंमत उरली नाहीं; कारण कांचेच्या चकचकीत शोरूममध्येंही तो हात आहेच, उपरणें तेवढें दिसत नाहीं.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारा जन्म प्राथमिक शाळेंत गेला. चैनीसाठीं गाडी घेणारा मी नव्हे. परंतु माझ्या पत्नीस डायलिसिससाठीं आठवड्यांतून दोनदां कऱ्हाडास न्यावें लागतें, आणि आमची अकरा वर्षांची जुनी गाडी वाटेंत बंद पडूं लागली होती. मुलगा पुण्यास नोकरीस; गाडी चालविते ती सूनबाई. तेव्हां गाडीची पारख तिनें करावी व पैशाचा हिशेब मीं पाहावा, असें ठरवून २०२५ च्या सप्टेंबरांत आम्ही दोघे निघालों.

पहिल्या पेढीवर खुर्ची मिळाली, थंड पाणी मिळालें, हें खरें. परंतु सूनबाईनें जो प्रश्न विचारावा त्याचें उत्तर विक्रेत्यानें माझ्याकडे पाहून द्यावें! पुढची खुर्ची किती मागें सरते, आजारी माणसास पाय लांब करतां येतील काय, मागें चाकांची खुर्ची मावेल काय, असे तिचे अगदीं नेमके प्रश्न होते. तो तिला म्हणाला, "ताई, तुम्ही रंग पसंत करा, बाकीचें काका बघतील." सूनबाई शांतपणें उठली व म्हणाली, "मामा, आपण निघूं या." मला तिचें बरोबर वाटलें. जो प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहत नाहीं, तो उद्यां तक्रार सांगणाऱ्याकडे तरी काय पाहणार?

त्याच महिन्यांत आणखी एक कसोटी आपोआप हातीं आली. सप्टेंबरच्या ३ तारखेस जी.एस.टी. परिषदेनें लहान मोटारींवरील कर कमी करण्याचें ठरविलें व तो निर्णय २२ सप्टेंबरपासून अमलांत यावयाचा होता. चार मीटरपर्यंत लांबीच्या व १२०० सी.सी. पर्यंतच्या पेट्रोल गाडीवर तोंपर्यंत २८ टक्के कर व १ टक्का उपकर असे. तो १८ टक्क्यांवर आला. करापूर्वीं साडेपांच लाख किंमतीची गाडी धरली तर ७ लाख ९ हजार ५०० च्या ठिकाणीं ६ लाख ४९ हजार, म्हणजे साठ हजारांवर फरक. एका पेढीवर आम्हांस सांगण्यांत आलें कीं, आजच पैसे भरा, पुढें गाड्या मिळणार नाहींत. दुसऱ्या एका लहानशा पेढीवरील मध्यमवयीन गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, गरज फार निकडीची नसेल तर २२ तारखेपर्यंत थांबा. नांव आज लिहून ठेवतों, बिल त्यानंतर करूं." आम्ही थांबलों, आणि गाडी त्यांच्याकडेच घेतली.

मात्र एका गोड वाक्यावर विसंबून राहणें बरें नव्हे, म्हणून मधल्या काळांत मीं एक उद्योग केला. तो मी प्रत्येकास सुचवीन. पेढीच्या दर्शनी भागांत न जातां सकाळीं नऊच्या सुमारास तिच्या दुरुस्तीच्या कारखान्यांत जावें. तेथें आपल्या गाड्या घेऊन आलेले लोक बांकावर बसलेले असतात व त्यांस बोलावयास वेळही असतो. त्यांस तीनच गोष्टी विचाराव्या: कामाचा अंदाज लेखी मिळाला काय, अंतिम बिल त्याहून वाढलें तर आधीं विचारलें काय, आणि बदललेला जुना भाग दाखविला काय. विक्री एका दिवसांत आटोपते, दुरुस्ती दहा वर्षें चालते. मी दोन पेढ्यांच्या बांकांवर दोन सकाळीं बसलों. एका ठिकाणीं लोक आवाज चढवून बोलत होते. दुसऱ्या ठिकाणीं वर्तमानपत्र वाचीत होते. भाड्याच्या गाड्या चालविणाऱ्यांस विचारलें तरी चालेल. त्यांच्याइतकी परखड साक्ष कोणी देत नाहीं.

आतां किंमतीच्या कागदाविषयीं. शोरूमची किंमत निराळी व रस्त्यावर येईपर्यंतची किंमत निराळी, हें सर्वांस ठाऊक आहे; घोटाळा होतो तो ह्या दोहोंच्या मधल्या ओळींत. म्हणून प्रत्येक रक्कम स्वतंत्र ओळींत, तारीख व शिक्का घालून लिहून मागावी. महाराष्ट्रांत दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीस व्यक्तीकडून ११ टक्के वाहनकर घेतात. तो सरकारी आहे, त्यांत घासाघीस नाहीं. परंतु "हँडलिंग" ह्या नांवानें कांहीं हजार रुपये लिहिलेले दिसले, तर हें सरकारी शुल्क कोणत्या नियमान्वयें आहे, एवढेंच शांतपणें विचारावें. माझ्या अनुभवांत हा प्रश्न ऐकतांच ती ओळ खोडली गेली. नोंदणी झाल्याविना, मग ती तात्पुरती असो वा कायमची, गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यांत देऊं नये असें १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ४२ वा नियम सांगतो. म्हणजे नोंदणी करून देणें हें पेढीचें कर्तव्यच आहे, मेहेरबानी नव्हे. चटया, आच्छादनें इत्यादि साहित्य "घ्यावेंच लागेल" असें कोणी म्हणालें, तर एक वस्तु हवी असल्यास दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणें २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत निर्बंधात्मक व्यापारप्रथा मानलें आहे, हें त्यास ऐकवावें.

विम्याची ओळ सर्वांत महत्त्वाची. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस त्रयस्थ पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा हप्ता सरकार ठरवितें, म्हणून तो कोठेंही सारखाच. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागांत. हा विमा पेढीकडूनच घेतला पाहिजे असें बंधन नाहीं. शिवाय ज्यानें जुन्या गाडीवर पांच वर्षें भरपाई मागितली नाहीं, त्यास नुकसानीच्या हप्त्यांत ५० टक्क्यांपर्यंत सवलत असते, आणि ती सवलत गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी दिल्यावर विमा कंपनीकडून तसें पत्र घ्यावें व नव्या गाडीस ती लावून घ्यावी. हें मला आमच्या भल्या पेढीवाल्यांनीं आपण होऊन सांगितलें. दोन ठिकाणीं कोणीं अवाक्षर काढलें नव्हतें.

बैलाचे दांत पाहावे तसे गाडीचेही दांत असतात. अनेक कंपन्यांच्या सांगाड्याच्या सतरा अक्षरी क्रमांकांतील दहावें अक्षर वर्ष दाखवितें: २०२४ साठीं "आर", २०२५ साठीं "एस". टायरवर चार आंकडे कोरलेले असतात. ३२२५ म्हणजे २०२५ सालचा बत्तिसावा आठवडा. पेढी देते त्या विक्री-प्रमाणपत्रांत, म्हणजे नमुना २१ मध्यें, निर्मितीचा महिना व वर्ष लिहावें लागतें. तें ताडून पाहावें. आणि गाडी पाहावी ती दिवसाउजेडीं, नोंदणी होण्यापूर्वीं. दिव्यांच्या झगमगाटांत ओरखडे दिसत नाहींत. पैसे भरावयाचे ते पेढीच्या खात्यांत, विक्रेत्याच्या स्वतःच्या मोबाइलवर कदापि नव्हे.

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं मी मुख्यतः बोलावयास बसलों, ती जुन्या गाडीची. माझ्या एका सेवानिवृत्त सहकाऱ्यानें आपली जुनी गाडी बदल्यांत एका पेढीस दिली, कोऱ्या नमुना २९ व ३० वर सह्या केल्या आणि नवी गाडी घेऊन तो घरीं गेला. नांव बदललें किंवा नाहीं हें कोणीं पाहिलें नाहीं. गाडी दोन हातांतून तिसऱ्याकडे गेली. सुमारें सव्वा वर्षानें अपघात झाला, आणि नुकसानभरपाईच्या न्यायाधिकरणाची नोटीस आली ती ह्या मास्तरच्या दारीं. त्या गाडीचा विमाही संपलेला होता. २०१८ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें आहे कीं, गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदवहींत ज्याचें नांव आहे तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक. पेन्शनीवर जगणाऱ्या त्या गृहस्थाची झोंप कशी उडाली, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

म्हणून कोऱ्या कागदावर सही करूं नये. गाडी दिल्याची तारीख व वेळ लिहिलेली पोंच घ्यावी. त्याच राज्यांत हस्तांतर असेल तर चौदा दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास आपण स्वतः कळवावयाचें असतें. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठीं प्राधिकरणपत्राची सोय झाली आहे; अशा प्राधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोंपवून कार्यालयास तशी सूचना दिली म्हणजे तो मानीव मालक होतो व आपली जबाबदारी सरते. तेव्हां हें पत्र तुमच्यापाशीं आहे काय, हा प्रश्न अवश्य विचारावा.

एवढें करूनही फसगत झाली तर १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनी आहे. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत दाद मागतां येते, व तेथें लागणारें शुल्कही अल्प आहे.

आमच्या गाडीची चावी त्या गृहस्थांनीं सूनबाईच्या हातीं दिली, आणि चाकांची खुर्ची मागें कशी बसवावयाची हें तिलाच दोनदां करून दाखविलें. माझा आनंद मात्र अठरा दिवसांनीं पूर्ण झाला. त्या दिवशीं त्यांचा दूरध्वनि आला, "गुरुजी, जुन्या गाडीवर नव्या मालकाचें नांव चढलें, प्रत पाठवितों." ती प्रत मीं छापून घेतली व पेन्शनीच्या कागदांच्या पेटींत ठेवून दिली.