काडतुसांचीं नांवें व त्यांचीं मापें

जुन्या घराण्यांचीं दप्तरें पाहतांना रुमालांखालीं किंवा पेटीच्या तळाशीं कधीं कधीं चारदोन काडतुसें सांपडतात. संग्राहक त्यांची नोंद बहुधा डब्यावरील आंकडा पाहून करतो: ‘काडतुसें ·३८, नग ६.’ अशी नोंद अपुरी तर असतेच, पण धोक्याचीही असते. तिच्यावर विसंबून पुढें कोणीं तें काडतूस भलत्याच हत्यारांत घातलें, तर नोंद करणाराच्या लेखणीची चूक हत्यार चालविणाराच्या हातावर बेतते.

नुसतें ‘सन ११७०’ वाचून कोणी काल ठरवूं लागला तर आपण त्यास तत्काळ अडवितों. सुहूर सन धरल्यास त्याचा आरंभ इ. स. १७६९ मध्यें येतो, दक्षिणेंतील फसली धरल्यास १७६० मध्यें. आंकडा एकच, पण अंतर नऊ वर्षांचें! काडतुसांच्या आंकड्यांचाही प्रकार असाच आहे. तो आंकडा माप नसून नांव आहे, व त्यामागील परंपरा कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाहीं.

‘·३८’ हेंच नांव घेऊं. आरंभीच्या काडतुसांत गोळी बाहेरून पुंगळीइतकीच जाड असे. पुढें गोळी पुंगळीच्या आंत बसवूं लागले. ती अर्थातच बारीक झाली, पण नांव मात्र जुनेंच राहिलें. त्यामुळें १८९८-९९ च्या सुमारास निघालेल्या ‘·३८ स्पेशल’ची गोळी प्रत्यक्षांत सुमारें ·३५७ इंच व्यासाची आहे, त्याच्या पुंगळीची लांबी १·१५५ इंच. त्याहून जुनें ‘·३८ स्मिथ अँड वेसन’ आंखूड, म्हणजे ·७७५ इंच पुंगळीचें, पण अंगानें जाड असून त्याची गोळी ·३६१ इंचांची आहे. १९३२ सालीं एन्फील्ड रिव्हॉल्व्हर स्वीकारतांना ब्रिटिश लष्करानें हेंच काडतूस जड गोळी घालून घेतलें व त्यास ‘·३८०’ म्हटलें. परंतु १९०८ सालीं निघालेलें ब्राउनिंगचें पिस्तुलाचें काडतूसही ‘·३८०’च! त्यास बाहेर निघालेली कड नाहीं, व युरोपांत तें ‘९ मि. मी. शॉर्ट’ या नांवानें ओळखलें जातें.

‘९ मि. मी.’ म्हणावें तरी घोंटाळा सुटत नाहीं. शॉर्टची पुंगळी सुमारें १७ मि. मी., १९५१ सालीं रशियांत स्वीकारलेल्या माकारोव्हची १८, व १९०२ च्या पॅराबेलमची १९. माकारोव्हची गोळी तर ९·२७ मि. मी. आहे. एकेका मि. मी.चा हा फरक नजरेस कळत नाहीं. पण दारूचा जोर मात्र पॅराबेलमचा पुष्कळच अधिक.

हत्याराचें बाह्य रूपही पुरावा म्हणून पुरें पडत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत स्मिथ अँड वेसननें एकाच घडणीचीं रिव्हॉल्व्हरें ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठीं ‘·३८०’चीं व अमेरिकन सैन्यासाठीं ‘·३८ स्पेशल’चीं केलीं. युद्धानंतर पहिल्या प्रकारच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांचीं काडतुसांचीं घरें खोल करून त्यांत लांब स्पेशल बसेल असें केलें गेलें. तें आंत जाई, पण सैल बसे. उडतांना पुंगळी फुगे व क्वचित् फाटे. काडतूस घरांत शिरलें म्हणजे तें त्याच घराचें, असें म्हणतां येत नाहीं.

यावरून नोंदीचे नियम आपोआपच निघतात. बुडावरील ठसा अक्षरशः उतरावा. १८६९ सालीं स्थापन झालेल्या खडकीच्या कारखान्याचीं ‘के एफ’ अक्षरें व सालाचा आंकडा यांवरून काडतुसाचा ठावठिकाणा लागतो. पुंगळीची लांबी, तोंडाशीं व बुडाशीं व्यास, कड आहे किंवा नाहीं, हें मोजून लिहावें. नांव पूर्ण द्यावें. नुसता आंकडा देऊं नये. डब्यावरील नांव व आंतील काडतूस यांची स्वतंत्र नोंद करावी, कारण एका डब्यांत दुसऱ्याचा माल मिसळलेला असूं शकतो. आणि खात्रीसाठीं काडतूस हत्यारांत घालून पाहण्याचा मोह सर्वथा टाळावा.

जिवंत काडतूस विनापरवाना बाळगण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्यानें मनाई आहे. म्हणून असा ऐवज हातीं येतांच जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावें व मोजमाप त्यांच्या अनुमतीनें जाणकाराकडून करवावें. त्यानें आपल्या संग्रहांतील एक नग उणा होईल. परंतु नोंद शुद्ध राहील व कोणाच्या हातास अपाय होणार नाहीं. संशोधकास इतकें पुरे आहे.