पाच शिलिंगांची वंशावळ

वृद्ध माणसाला वय विचारावे तर ते वर्ष सांगत नाही, प्रसंग सांगते. प्लेगच्या साली, मोठ्या पुराच्या साली जन्मलेली माणसे आपणही पाहिली आहेत. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख मिरवणारे तर आजही घरोघरी सापडतील. ती तारीख त्यांना विधात्याने नव्हे, आम्हा मास्तर मंडळींनी बहाल केलेली असते. सरकारचे मात्र प्रसंगावर भागत नाही, त्याला आकडा लागतो. या ओढाताणीतून आयर्लंडमध्ये एक विलक्षण दप्तर जन्माला आले आणि आज जगभर विखुरलेले आयरिश लोक त्यात आपले पूर्वज शोधीत असतात. त्याची हकीकत वाचकांस सांगावी, असे आमच्या मनात आले.

आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राज्याचाच भाग होता. १९०८ साली वृद्धांना पेन्शन देणारा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून ती पोस्टातून मिळू लागली. सत्तरी उलटलेल्या, तुटपुंज्या उत्पन्नाच्या माणसाला आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळत. आज ही रक्कम क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरात रोकड वर्षातून दोनदा-चारदा दिसायची, तिथे नियमाने हाती पडणारे हे नाणे म्हाताऱ्याचे घरातले स्थानच बदलून टाकणारे होते.

अडचण होती ती सत्तरीच्या पुराव्याची. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ साली, आणि पेन्शन मागणारे तर १८३९ च्या आसपास जन्मलेले. चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या कुठे होत्या, कुठे नव्हत्या. मग लोकांनी आठवणींचा आधार घेतला. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर एक भयंकर वादळ कोसळले होते. 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणून ते लोकांच्या तोंडी राहिले. ती रात्र आठवते म्हणणारा माणूस १९०९ मध्ये सत्तरीचा असलाच पाहिजे, हा हिशेब सोपा. त्या रात्री आपण हातात बटाटा धरून खाण्याएवढे होतो, असे सांगणाऱ्यांच्या गोष्टी तिकडे अजून हसतहसत सांगतात. १९०१ आणि १९११ या दोन खानेसुमाऱ्या ताडून पाहिल्या, तर दहा वर्षांत चौदा-पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली माणसे भेटतात. त्यांना लबाड म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. आपले खरे वय त्यातल्या कित्येकांना मुळी ठाऊकच नव्हते.

सरकारने यावर एक तोड काढली. ६ जून १८४१ आणि ३० मार्च १८५१ या दिवशी झालेल्या खानेसुमारीचे घरोघरचे कागद डब्लिनच्या सरकारी अभिलेखागारात जपलेले होते. अर्जदाराने आपले नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव माहेरच्या आडनावासह आणि लहानपणीचे राहते ठिकाण लिहून द्यावे. तेवढ्यावरून कारकुनाने जुने कागद उलगडून त्या घरातले ते मूल शोधावे आणि त्याचे तेव्हाचे वय उतरवून घ्यावे. १८५१ मध्ये आठ वर्षांचे असलेले मूल १९१३ च्या सुमारास पेन्शनीला आले, हे उघड झाले. या शोधाचे छापील फॉर्म हिरवे असत, म्हणून त्यांना 'हिरवे फॉर्म' हेच नाव पडले. असे हजारो फॉर्म भरले गेले.

त्यानंतर १९२२ साल उजाडले. ब्रिटनशी झालेल्या तहावरून आयरिश लोकांतच फूट पडली. तहाला विरोध करणाऱ्यांनी डब्लिनचे 'फोर कोर्ट्‌स' हे न्यायालय ताब्यात घेतले होते. अभिलेखागार त्याच आवारात. २८ जूनला तोफा सुरू झाल्या आणि ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन अभिलेखागाराच्या कोठाराने पेट घेतला. शतकानुशतकांचे कागद जळाले. जळके तुकडे शहरभर उडाले. १८२१ ते १८५१ या चार खानेसुमाऱ्यांची कागदपत्रे, थोडे अवशेष सोडले तर, त्यातच गेली. पुढच्या चार तर आगीची वाट पाहण्यास उरल्याच नव्हत्या. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारने पूर्वीच नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. शत्रूने जाळले त्याचे दुःख समजते. आपल्याच कारभाऱ्यांनी कागद रद्दीत काढावेत, याला काय म्हणावे!

हिरव्या फॉर्मांचे मोल इथे कळते. मूळ खानेसुमारी जळाली, पण पेन्शनच्या निमित्ताने तिच्यातून उतरवून घेतलेले तुकडे वाचले. म्हाताऱ्यांच्या बोलण्यावर सरकारने अविश्वास दाखवला, म्हणून नकला झाल्या. विश्वास ठेवला असता तर आज काहीच हाती नसते. काही कारकुनांनी अर्जदाराचे वय तेवढे टिपले, काहींनी अख्खे कुटुंब उतरवले: आईबाप, त्यांच्या लग्नाचे वर्ष, भावंडे, त्यांची वये.

ही भावंडे कोणत्या काळातली, हेही ध्यानात घ्यावे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये महादुष्काळ माजला. १८४१ साली ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाख ५२ हजारांवर आली. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली, तितकीच देशोधडीला लागली. १८५१ च्या कागदात घरातल्या हयात माणसांबरोबरच परगावी गेलेल्यांची आणि मागल्या दहा वर्षांत मेलेल्यांचीही नोंद मागितली होती. एखाद्या मृत बालकाचे नाव पृथ्वीच्या पाठीवर आज फक्त अशा एखाद्या हिरव्या फॉर्मावर उरले असेल.

हे फॉर्म आता आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने संगणकावर विनामूल्य खुले केले आहेत. शोधणाऱ्याने नुसते आडनाव घेऊन बसू नये. मर्फी आणि केली तिकडे आपल्या जोशी-कुलकर्ण्यांइतके. 'ओ' आणि 'मॅक' ही उपपदे कधी लागतात, कधी गळतात. खरी किल्ली 'टाउनलँड'ची. टाउनलँड म्हणजे साधारण आपली वाडी. साऱ्या बेटावर त्या साठ हजारांहून अधिक आहेत. महाराष्ट्र सोडून पिढ्या लोटलेल्या आपल्या कुटुंबांना हे सांगायला नको. शिंदे-होळकर-गायकवाडांबरोबर आलेल्या घराण्यातल्या मुलाला नाशिक-त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये आधी मूळ गाव विचारतात, मग वही उघडतात. आईचे माहेरचे नाव ठाऊक असेल तर अर्धे काम झालेच. अर्जदाराचा पत्ता ग्लासगोचा वा लिव्हरपूलचा असला तरी दचकू नये. कायदा साऱ्या ब्रिटिश बेटांना एकच होता आणि पोटासाठी समुद्र ओलांडलेल्यांनीही अर्ज केले होते. वयांवर मात्र फार विसंबू नये, कारण १८४१ च्या कागदावरही ती आईबापांनी अंदाजानेच सांगितलेली.

कित्येक फॉर्मांवर कारकुनाचा शेरा आहे, 'सापडले नाही'. वाडीचे नाव चुकले असेल, कुटुंब त्या दिवशी दुसरीकडे असेल. त्या म्हाताऱ्याला वा म्हातारीला ते पाच शिलिंग मिळाले की नाही, हे फॉर्मवर लिहिलेले नसते. पण शेऱ्याच्या वर त्यांनी सांगितलेली आईबापांची नावे आणि वाडीचे नाव तसेच शाईत आहे, आणि त्यांचे पणतू-खापरपणतू बोस्टनमध्ये, सिडनीत बसून आज ते उतरवून घेत आहेत.