‘हॉर्सहेअर’ : एका केशसदृश वनकवकाचे सामान्य नाव आणि परिभाषेचा प्रश्न

प्रस्तावना

वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनात शास्त्रीय नावांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. त्या तुलनेत सामान्य नावांकडे आपण काहीसे दुर्लक्षच करतो. वास्तविक सामान्य नाव हे लोकांच्या निरीक्षणाचे फलित असते. प्रस्तुत लेखात ‘हॉर्सहेअर’ म्हणजे ‘घोड्याचा केस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कवकाच्या निमित्ताने सामान्य नावाचे बलस्थान व मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कवकाचे स्वरूप

ब्रिटनमध्ये ‘हॉर्सहेअर पॅराशूट’ या नावाने परिचित असलेले हे कवक सूचिपर्णी वृक्षांच्या गळलेल्या पानांवर व हीदरच्या काटक्यांवर वाढते. त्याची छत्री जेमतेम १ सेंटिमीटर रुंदीची असते. दांडा मात्र काळा, चकचकीत, चिवट आणि कित्येक सेंटिमीटर लांब असतो. सारंगीच्या गजाला लावलेला घोड्याच्या शेपटीचा केस ज्याने पाहिला आहे, त्याला ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दांड्यांखेरीज काळे, केसासारखे धागेही पालापाचोळ्यात पसरलेले आढळतात. त्यांना राइझोमॉर्फ असे म्हणतात. असंख्य कवकतंतू एकत्र येऊन, बाहेरून गडद कठीण आवरण धारण करून ही दोरी तयार होते. तिच्या साहाय्याने कवक एका पानावरून दुसऱ्या पानापर्यंत पोहोचते. म्हणजेच ‘केस’ हा शब्द येथे केवळ अलंकार नसून कवकाच्या जीवनपद्धतीचाच निर्देश करतो.

शास्त्रीय नावाचा प्रवास

कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये या जातीला ‘अ‍ॅगॅरिकस अँड्रोसेशियस’ असे नाव दिले. त्या काळी पट्टिका असलेली बहुतेक छत्रकवके अ‍ॅगॅरिकस या एकाच प्रजातीत गणली जात. पुढे १८३८ मध्ये एलियास फ्रीस यांनी तिचा समावेश ‘मॅरास्मियस’ प्रजातीत केला. मॅरास्मियस हे नाव कोमेजणे, सुकणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे. ही कवके उन्हात सुकतात, परंतु सडत नाहीत आणि पाऊस पडताच पुन्हा टवटवीत होतात. या गुणधर्माला फ्रीस यांनी वर्गीकरणात महत्त्व दिले. एकविसाव्या शतकात डीएनए-आधारित अभ्यासानंतर ही जाती ‘जिम्नोपस’ प्रजातीत हलविण्यात आली.

सामान्य नाव कितपत स्थिर?

शास्त्रीय नावे बदलतात, सामान्य नावे टिकतात, असा एक समज आहे. हे उदाहरण तो समज तपासून पाहण्यास उपयुक्त ठरते. २००३ मध्ये लिझ होल्डन यांनी ब्रिटनमधील कवकांसाठी शिफारस केलेल्या इंग्रजी नावांची यादी तयार केली. या नामपद्धतीत ‘पॅराशूट’ हा शब्द मॅरास्मियस गटासाठी योजलेला आहे, तर जिम्नोपसच्या अनेक जातींची नावे त्यांच्या चिवट दांड्यावरून ठेवलेली आहेत. आपले कवक मॅरास्मियसमधून बाहेर पडले, नाव मात्र ‘पॅराशूट’च राहिले. अशा रीतीने सामान्य नावातच जुने वर्गीकरण गोठून राहिले. नावाचा ‘हॉर्सहेअर’ हा वर्णनात्मक भाग अजूनही अचूक आहे, गटदर्शक भाग मात्र कालबाह्य झाला आहे. सामान्य नाव जोवर डोळ्यांना दिसणारे सांगते तोवर ते टिकते. नातेसंबंध सांगू लागताच त्यालाही शास्त्रीय नावाप्रमाणेच संशोधनाची झळ पोहोचते.

एक नाव, अनेक जीव

दुसरी मर्यादा संदिग्धतेची आहे. ईशान्य भारतातील चहामळ्यांत ‘हॉर्सहेअर ब्लाइट’ हा रोग परिचित आहे. त्याचे कारक कवक ‘मॅरास्मियस क्रिनिस-एक्वी’ हे आहे. क्रिनिस-एक्वी या लॅटिन शब्दांचा अर्थही ‘घोड्याचा केस’ असाच होतो. त्याचे काळे धागे चहाच्या झुडपांवर जाळ्यासारखे पसरतात. उष्ण कटिबंधीय अरण्यांत अशाच धाग्यांची जाळी गळती पाने वरच्या वर अडवून धरते, तिच्या आश्रयाने कीटकसृष्टी नांदते आणि पक्षी हे धागे घरट्यांसाठी वापरतात. याशिवाय फांद्यांवरून लोंबणाऱ्या ब्रायोरिया या दगडफुलालाही इंग्रजीत ‘हॉर्सहेअर लायकेन’ म्हणतात. तेव्हा ‘हॉर्सहेअर’ एवढेच ऐकून मळ्यातील अधिकाऱ्याच्या मनात रोग येईल, तर ब्रिटिश निसर्गप्रेमीच्या मनात पाचोळा कुजविणारे कवक येईल. उपाययोजनेच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

मराठी परिभाषेच्या दृष्टीने

मराठीत अळंबी, भूछत्र, कुत्र्याची छत्री असे शब्द पूर्वापार रूढ आहेत. छत्रीची कल्पना आपल्याकडे मुळातच असल्याने ‘पॅराशूट’चे ‘हवाई छत्री’ असे शब्दशः भाषांतर करण्याची गरज नाही. ‘अश्वकेश’ हा संस्कृतनिष्ठ शब्दही जपून वापरावा लागेल, कारण एक्विसेटम या नेचेवर्गीय वनस्पतीच्या नावाचा अर्थही घोड्याचा राठ केस असाच आहे. याउलट ज्या नेच्याला इंग्रजीत ‘मेडनहेअर’ म्हणतात, त्याला मराठीने केसाची उपमा न घेता ‘हंसराज’ हे स्वतंत्र नाव दिले आहे. आपल्या भाषेचे निरीक्षण स्वतंत्र असू शकते याचा हा उत्तम दाखला होय. वर्गात सोयीसाठी ‘घोडकेसी भूछत्र’ असे म्हणता येईल, मात्र त्यासोबत शास्त्रीय नाव देणे अनिवार्य मानावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

निष्कर्ष

सामान्य नाव विद्यार्थ्याला जीवाकडे पाहायला शिकविते, तर शास्त्रीय नाव त्या जीवाचे इतरांशी असलेले नाते सांगते. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. मराठीतून विज्ञान शिकविताना इंग्रजी सामान्य नावाचे भाषांतर करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : ते नाव काय पाहून दिले गेले, ते आणखी कोणाला लागू होते आणि आपल्या लोकांनी त्या जीवाला आधीच काही नाव दिले आहे काय. या तीन कसोट्यांवर उतरलेला शब्दच पाठ्यपुस्तकात स्थान मिळविण्यास पात्र ठरतो.