बंद टॉकीजचे करायचे काय?

जुन्या वास्तू, नवे दिवस : भाग ७

वारसायादीत नाव आल्यावर इमारतीला कोणते संरक्षण मिळते, ते आपण मागच्या आठवड्यात पाहिले. पण अशा इमारतीचे रोज करायचे काय? लहान गावातल्या सिनेमागृहांपुढे हा प्रश्न सर्वांत बिकट असतो. देवळाला भाविक असतात, वाड्याला वारस असतात. बंद टॉकीजकडे मात्र सगळे मोक्याची जागा म्हणूनच पाहतात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हार्विच या छोट्या बंदराने या प्रश्नाचे दिलेले उत्तर म्हणूनच समजून घेण्याजोगे आहे.

चार्ल्स थर्स्टन हा तिथल्या जत्रांमधून सिनेमाचे खेळ करणारा, म्हणजे आपल्या तंबू टॉकीजवाल्यांचाच व्यवसायबंधू. त्या काळची नायट्रेट फिल्म पटकन पेट घेई. म्हणून १९०९ च्या ब्रिटिश कायद्याने प्रोजेक्टरची खोली प्रेक्षागृहापासून वेगळी ठेवणे सक्तीचे केले, आणि खास सिनेमासाठी इमारती बांधल्या जाऊ लागल्या. थर्स्टनने हॅरल्ड रिडली हूपर या तरुण वास्तुविशारदाकडून आराखडा करून घेतला. १८ आठवड्यांत, सुमारे १,५०० पौंडांत ‘इलेक्ट्रिक पॅलेस’ उभे राहिले. २९ नोव्हेंबर १९११ रोजी तिथे पहिला खेळ झाला.

१९५३ साली समुद्राचे पाणी गावात शिरले आणि थिएटर काही काळ बंद राहिले. पुन्हा सुरू झाले खरे, पण १९५६ मध्ये त्याला कायमचे कुलूप लागले. पुढच्या काळात ब्रिटनमधल्या कितीतरी सिनेमागृहांचे बिंगो हॉल झाले. हार्विचच्या थिएटरला मात्र कोणी हातच लावला नाही. त्यामुळे मूकपटांच्या काळातला पडदा, प्रोजेक्टरची खोली, तिकीटखिडकी आणि नक्षीदार दर्शनी भाग जागच्या जागी राहिले. १९७२ मध्ये गॉर्डन मिलर हे अध्यापक गावाच्या अभ्यासासाठी आले आणि त्यांनी या इमारतीचे मोल ओळखले. ती पाडून वाहनतळ करण्याचा बेत होता. वारसायादीत नोंद झाली आणि तो टळला. पुढे स्थानिक मंडळींनी न्यास स्थापला आणि १९८१ साली पडदा पुन्हा उजळला.

या घडामोडींचा क्रम नीट पाहावा. आधी कायद्याने पाडकाम थांबले, मग जबाबदारी घेणारी संस्था उभी राहिली, त्यानंतर वापर सुरू झाला. दुरुस्ती मात्र आजवर टप्प्याटप्प्याने चालूच आहे. थिएटर मुख्यतः स्वयंसेवक चालवतात आणि चित्रपटांच्या जोडीला तिथे गाण्याचे कार्यक्रमही होतात. दार उघडे असले की गावाला थिएटर आपले वाटते, आणि आपल्या वास्तूसाठी लोक पैसे उभे करतात. सगळी दुरुस्ती आटोपल्यावरच दार उघडू, असे म्हणत बसले असते, तर ते कधीच उघडले नसते.

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांना हा धडा लागू पडतो. मुंबईत वारसा नियमावली १९९५ मध्येच आली. लहान गावांत मात्र जुने टॉकीज वारसा म्हणून अजून कोणाच्या डोळ्यांपुढेच येत नाही. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. प्रेक्षक घटले तरी घरपट्टी आणि वीजबिल त्यालाच भरावे लागते. नगरपालिकेने किंवा स्थानिक न्यासाने टॉकीज भाडेपट्ट्याने घेतले, तर त्याच्या हाती नियमित उत्पन्न येईल आणि गावाला सभागृह मिळेल. वसंत व्याख्यानमाला, शाळांची स्नेहसंमेलने, हौशी नाट्यसंस्थांचे प्रयोग, मोठ्या शहरांपुरतेच फिरणारे मराठी चित्रपट, या सगळ्यांना जागा हवी असते.

सुरुवात याच आठवड्यात करता येईल. आपल्या गावातल्या टॉकीजचे आतून-बाहेरून फोटो काढा. जुना प्रोजेक्टर भंगारात जाण्याआधी मालकाशी बोला. तिथल्या ऑपरेटरच्या आणि डोअरकीपरच्या आठवणी लिहून घ्या. वारसायादीचा प्रस्ताव करताना हीच माहिती लागते, आणि ती गोळा करायला सरकारी परवानगीची गरज नसते.

(पुढील भागात : गावातली जुनी वाचनालये)