सालीत दडलेली वाइन

विदर्भातल्या ढाणकीच्या पट्ट्यात कापूस पिकवणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. वाण तोच असला तरी भारी काळ्या रानात तो एक रूप दाखवतो आणि बरडावर दुसरं. बियाण्याच्या पाकिटावरचं नाव अर्धीच हकीकत सांगतं, आणि रेड वाइनच्या बाटलीवरच्या नावाचंही तेच आहे. कॅबरने सॉव्हिन्यॉन, मर्लो, शिराझ, पिनो न्वार यांत चांगली कोणती, असं कुतूहलानं विचारणाऱ्याला जाणकार बहुधा मिरी, आलुबुखार, तंबाखू, चामडं अशी वासांची जंत्री ऐकवतात. नवख्याला तिचा काडीचा उपयोग नसतो. त्यानं आधी दोनच गोष्टी पाहाव्यात : द्राक्षाची साल कशी आहे आणि ते कसल्या उन्हात पिकलं. महाराष्ट्रातल्या बाटल्या निवडताना तर एवढ्यानंच बरंच काम भागतं.

सालीला एवढं महत्त्व का? कारण बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस बिनरंगीच असतो. तो सालीसकट काही दिवस आंबवला की लाल वाइन होते. साली लगेच वेगळ्या केल्या तर त्याच काळ्या द्राक्षांची जवळपास पांढरी होते. शॅम्पेनमध्ये पिनो न्वारचं हेच करतात. रंगाबरोबर साल आणि बिया टॅनिनही देतात. टॅनिन म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावायला नको, आपल्या षड्रसांत ‘तुरट’ पहिल्यापासून आहे. जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते, गालफडं आतून आवळल्यासारखी वाटतात, तेच हे. कॅबरनेचा मणी लहान आणि साल जाड, म्हणून वाइन गडद आणि चांगलीच तुरट. काळं कॅबरने फ्राँ आणि पांढरं सॉव्हिन्यॉन ब्लाँ यांच्या संकरातून हा वाण झाल्याचं 1997 मध्ये डीएनए तपासणीतून पुढे आलं. तो कच्चा राहिला तर ढोबळी मिरचीसारखा वास मारतो. मर्लो त्याचा सावत्र भाऊ. लवकर पिकतो, तोंडाला मऊ लागतो. पिनो न्वारची साल पातळ, त्यामुळे रंग फिका आणि तुरटपणा कमी. शिराझ गडद, भरदार, किंचित मिरीच्या अंगाची.

आता ऊन. फ्रान्समध्ये द्राक्षवेल हिवाळाभर झोपते आणि फळ शरद ऋतूच्या तोंडाशी, दिवस थंडावत असताना पिकतं. नाशिकमध्ये वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून तिला वळण लावावं लागतं. काढणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे आपलं फळ दिवस तापत जाताना पिकतं. साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो. थंडीतल्या रात्री तो थोडाफार सावरतात, पण पिनो न्वारसारख्या नाजूक वाणाला हे सोसत नाही. बरगंडीच्या गारव्यातली त्याची कीर्ती इथल्या बाटलीत शोधू नये. शिराझ मात्र ऊन पचवते. दिंडोरीच्या शिराझला नाव मिळालं ते उगीच नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे इटलीच्या सांजोवेसेची लागवड झाली, तीही मला समंजस निवड वाटते, कारण त्या वाणाचा आंबटपणा मुळातच दांडगा. पहिली बाटली घेणाऱ्यानं कॅबरनेच्या दबदब्याला न भुलता शिराझ घ्यावी.

यावर एक आक्षेप हटकून येतो, की हे सगळे मनाचे खेळ आहेत. त्याला आधारही आहे. बोर्डोमध्ये 54 जणांना लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली, तर त्यांनी तिच्या वर्णनाला रेड वाइनचे शब्द वापरले. हा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. पण तो वासाचा प्रयोग होता. डोळ्यांनी नाकाला फसवलं, एवढं त्यातून सिद्ध होतं, आणि वासांच्या जंत्रीवर विसंबू नका याला त्यानं बळच मिळतं. तुरटपणा वासाचा नसून स्पर्शाचा. तो जिभेवर जाणवतो.

दुसरा आक्षेप जड आहे. दारूनं घरं बसलेल्या या मुलखात वाइनचं कौतुक कशाला? वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे; जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. वाइन म्हणजे दारू नव्हे, हा तेव्हाचा युक्तिवाद मला पटत नाही. मोहाची दारू गाळतात, वाइन नुसती आंबवतात, फरक एवढाच; साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल तिच्यातही असतं. रेड वाइन हृदयाला बरी, हा समज 1990 च्या दशकात फ्रान्सच्या उदाहरणावरून पसरला. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दारूचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही, असं सांगितलं. तेव्हा औषध म्हणून कुणी पिऊ नये, आणि जो पीत नाही त्यानं या लेखावरून सुरुवात करू नये. जो पितोच, त्यानं काय पितो हे जाणावं, इतकाच माझा आग्रह.

त्याच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा नियम युरोपातल्या 16 ते 18 अंशांच्या खोलीचा. एप्रिलात चाळिशी ओलांडणाऱ्या ढाणकीत तशीच ओतली, तर नाकात नुसतं अल्कोहोल चढतं. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. आणि ताटात ठेचा असेल तर कॅबरने बाजूलाच ठेवावी. तिखटाची आग अल्कोहोलनं वाढते, टॅनिन तिला आणखी खरखरीत करतं. भरीत-भाकरीबरोबर गार केलेली मर्लो जमते. ठेच्याबरोबर मात्र ताकच.