पाणी शिरले कुठून? पावसाळी इंजिनाचे निदान

साचलेल्या पाण्यातून गेल्यावर पेट्रोलची गाडी गचके देऊ लागली किंवा बंद पडली, की इंजिनात पाणी गेले असे सरसकट म्हटले जाते. वस्तुतः या एकाच तक्रारीमागे दोन अगदी भिन्न बिघाड असू शकतात. पहिल्यात पाणी इंजिनाच्या बाहेरच राहते, परंतु प्लगकडे निघालेली वीज त्यामुळे वाटेतच गळते. दुसऱ्यात ते हवेच्या वाटेने थेट सिलिंडरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्यात, पोहोचलेले असते. पहिला बिघाड कोरड्या फडक्याने आणि तासाभराच्या उन्हाने जाऊ शकतो. दुसऱ्यात पुन्हा एकदा सेल्फ मारला एवढेही इंजिन मोडायला पुरते. हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल अशा सखल भागांत दर पावसाळ्यात गाड्या अडकतात त्या मुंबईत चांगल्या मेकॅनिकचे कसब कळते ते इथेच, कारण हा फरक किल्ली फिरवण्यापूर्वी ओळखावा लागतो.

त्यासाठीचा पहिला पुरावा गाडीत नसतो, तो चालकाच्या सांगण्यात असतो. खोल पाण्यात असतानाच इंजिन एका धक्क्यासरशी थांबले आणि नंतर सेल्फ नुसता ‘टक्’ करून अडला, तर संशय सिलिंडरवर जातो. गाडी पाण्याबाहेर आली, थोडी चालली आणि मग ‘मिसिंग’ मारू लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले इंधन पेटेनासे होऊन इंजिन अडखळू लागले, तर दोष बहुधा विजेचा असतो. दिलेल्या माहितीवर मात्र पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण बंद पडलेल्या गाडीला आपण तीनचार वेळा सेल्फ मारून पाहिला हे सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

विजेचा दोष समजून घ्यायला जुनी यंत्रणा अधिक सोयीची आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेली आणि ऑक्टोबर 2023 पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावलेली पद्मिनी घेतली, तर तिच्या 1089 सीसी इंजिनात एकच इग्निशन कॉइल बॅटरीच्या 12 व्होल्टचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवत असे आणि ती वीज चारही प्लगना क्रमाने वाटून देण्याचे काम डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला ‘डेल्को’, करत असे. शुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक असते. रस्त्यावरचे पाणी क्षार, चिखल आणि तेलकट काजळी घेऊन येते, आणि भरतीच्या वेळी समुद्राकाठच्या भागात त्यात मिठाचीही भर पडते. अशा पाण्याचा पातळ थर डेल्कोच्या टोपीत आतून बसला, की प्लगच्या टोकाशी हवेतून उडी मारण्यापेक्षा त्या ओल्या पृष्ठभागावरून पळून जाणे विजेला सोपे पडते. टोपी काढून आतून पुसली की गाडी पुष्कळदा लगेच चालू होई. परंतु गळणारी ठिणगी टोपीच्या बेकेलाइटवर पेन्सिलीच्या रेघेसारखी कोळशाची बारीक रेघ जाळून ठेवते. ही रेघ स्वतःच वीजवाहक असल्याने टोपी सुकल्यावरही मिसिंग जात नाही. ती शोधण्याची पद्धत साधी आहे: अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि निळसर ठिणग्या कुठे रांगतात ते पाहायचे.

आताच्या बहुतेक गाड्यांत डेल्को नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते आणि प्लग इंजिनाच्या माथ्यावरच्या खोल खळग्यात असतो. रबरी टोपण सैल झाले असेल तर या खळग्यात पाणी साचते आणि उतरून जायला वाट नसल्याने तिथेच राहते. इंजिनाचा संगणक स्कॅनरवर पी0302 असा कोड देतो तेव्हा त्याचा अर्थ दुसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे एवढाच असतो. कारण त्यात नसते, आणि कोड दिसताच नवी कॉइल विकणारा मेकॅनिक निदान करत नाही, अंदाज करतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल करावी. कोड पी0303 झाला तर कॉइल दोषी, तिथेच राहिला तर प्लग, कनेक्टर किंवा पुढचे काही. प्लग सोडण्याआधी खळग्यात कॉम्प्रेसरची हवा मारणे आवश्यक असते, नाहीतर बाहेरचे पाणी मेकॅनिकच्याच हातून सिलिंडरमध्ये पडते. या अवस्थेत गाडी तशीच दामटणेही महाग पडते, कारण न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो तापून निकामी होतो.

सिलिंडरमध्ये पाणी जाणे हे वेगळेच प्रकरण आहे. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. 1200 सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात प्रत्येकाच्या वाट्याला 300 सीसी येतात, आणि दाबाचे प्रमाण दहास एक धरले तर पिस्टन वर पोहोचल्यावर उरणारी जागा सुमारे 33 सीसी असते. त्याहून जास्त पाणी असेल तर पिस्टन वाटेतच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसल्याने विजेची ठिणगी गळण्याचा प्रश्न नाही, पण तिथे दाब जास्त म्हणून ही जागा 20 सीसीच्या आसपास भरते, तेव्हा डिझेल गाडी पाण्यात अधिक सुरक्षित ही समजूत अर्धीच खरी आहे.

म्हणून एअर फिल्टर आधी उघडला जातो. त्याचा कागद ओला किंवा चिखलाचा दिसला, तर सेल्फला हात न लावता सर्व प्लग काढून क्रँकशाफ्ट पान्याने हाताने फिरवतात, आणि तो मोकळा फिरला तरच सेल्फ मारून उरलेले पाणी प्लगच्या भोकांतून उडवून देतात. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले तर तेही बदलावे लागते. इतके होऊनही इंजिन चालू झाले म्हणजे ते वाचले असे नसते: किंचित वाकलेल्या रॉडचा पिस्टन पूर्ण वर पोहोचत नाही, गाडी चालते, आणि पुढे केव्हातरी रॉड तुटून ब्लॉक फोडतो. प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजला असता एकच आकडा बाकीच्यांपेक्षा खाली आला, तर हेड उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

विमा कंपनीचा सर्व्हेयरही नेमके हेच पाहतो. गाडीच्या साध्या सर्वंकष पॉलिसीत पाण्यामुळे जाम झालेले इंजिन सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते, आणि पाण्यात उभ्या गाडीला पुन्हा सेल्फ मारल्याचे दिसले तर त्या दाव्यावरही वाद उद्भवतो.